नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी नेमके काय लागते? (नाशिक)

निफाडकर

नमस्कार. माझी पुतणी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून तिला परिचारिका व्हायचे आहे. घरात याला कोणाचा विरोध नाही, परंतु मार्ग कोणता धरावा यावर एकमत होत नाही. कोणी बी.एस्सी. नर्सिंग सुचवते, कोणी जीएनएम ही नर्सिंगची पदविका पुरे आहे म्हणते. आमच्या एका नातेवाइकांनी तर नाशिकमधील एका संस्थेचे पत्रक आणून दिले आहे. एका वर्षात नर्सिंगचे प्रमाणपत्र आणि रुग्णालयात हमखास नोकरी, असे त्यात छापले आहे. शुल्क कमी असल्यामुळे माझ्या भावाचा कल तिकडे झुकला आहे.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. नोंदणीकृत परिचारिका म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कोण, आणि ती नोंदणी मिळण्यासाठी कोणते शिक्षण ग्राह्य धरले जाते, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हे काम प्रत्यक्षात माणसाकडून काय मागते? पुतणी अभ्यासू आहे, पण स्वभावाने अबोल आहे. येथील अनुभवी मंडळींनी हातचे न राखता लिहावे, ही विनंती.

गोदाकाठची सिस्टर

निफाडकर दादा, आपण प्रश्न योग्य वेळी विचारलात. मी शासकीय सेवेतून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, म्हणून निवृत्त झाले आहे आणि माझी बहुतेक नोकरी याच जिल्ह्यात झाली. सर्वप्रथम ते एक वर्षाचे पत्रक बाजूला ठेवा. त्या प्रमाणपत्रावर परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. लहान रुग्णालयांतून अशा मुलींना पांढरा कोट घालून बिनदिक्कत सलाईन लावायला उभे करतात, रुग्णही त्यांना सिस्टर म्हणूनच हाक मारतात. मात्र काही विपरीत घडले की त्या मुलीच्या पाठीशी कायदा नसतो आणि रुग्णालय हात वर करून मोकळे होते.

महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमानुसार होते आणि ती मुंबईतील महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. देशपातळीवर अभ्यासक्रमांचे निकष भारतीय परिचर्या परिषदेने १९४७ च्या कायद्याखाली घालून दिलेले आहेत. त्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा मंजूर केला आहे. नोंदणीसाठी ग्राह्य असलेले प्रवेशाचे मार्ग तीन आहेत. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्याची नोंदणी सहायक परिचारिका प्रसाविका या स्वतंत्र वर्गात होते. जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. शेवटच्या दोन्हींनंतर नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसाविका (बाळंतपण करणारी) अशी दुहेरी नोंदणी मिळते, म्हणजेच नावापुढे आर.एन.आर.एम. लावता येते. जीएनएम केलेल्या मुलीला पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते, त्यामुळे तो मार्ग कमी दर्जाचा समजू नये. पुतणीचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय झालेले असतील आणि घरची परिस्थिती चार वर्षे पेलणारी असेल, तर मी बी.एस्सी.लाच प्राधान्य देईन, कारण पुढचे एम.एस्सी., अध्यापन आणि परदेश हे रस्ते तेथून सरळ जातात.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. लोकांना वाटते की परिचारिकेचे काम म्हणजे इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, ड्रेसिंग करणे. ही हाताची कामे आहेत आणि ती सरावाने कोणालाही जमतात. खरे काम नजरेचे आहे. डॉक्टर दिवसातून दोन वेळा राऊंड घेतात आणि प्रत्येक खाटेपाशी काही मिनिटे थांबतात. उरलेला सगळा वेळ रुग्ण परिचारिकेच्या नजरेखाली असतो. तो खालावत चालला आहे हे तिच्या लक्षात आले नाही, तर ते दुसऱ्या कोणाच्याही लक्षात येणार नाही.

एक उदाहरण देते, कारण आपल्या भागात ते वारंवार पाहायला मिळते. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांमधील फवारण्या वाढतात, आणि निफाड-दिंडोरीकडून कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. काहींच्या अंगावर वा श्वासात औषध गेलेले असते, काहींनी ते स्वतः प्यायलेले असते. ऑर्गेनोफॉस्फरस गटातील विष असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, तोंडातून लाळ आणि फेस येतो, अंग घामाने निथळते, छातीत घरघर ऐकू येते आणि नाडी मंदावते. परिचारिकेने हातमोजे घालून रुग्णाचे कपडे उतरवायचे, अंग आणि केस साबणाने धुवायचे, आणि एकीकडे ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध सुरू झालेले असते त्याची नोंद ठेवायची. दर काही मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी मोजायची, बाहुल्या पाहायच्या. छाती कोरडी झाली आणि नाडी ८० च्या वर टिकली, तर डोस लागू पडला असे समजते. तेच ॲट्रोपिन जास्त झाले तर रुग्ण बरळू लागतो, त्याला ताप चढतो, पोट फुगते. यातील सीमारेषा कागदावर आखून मिळत नाही, ती खाटेपाशी उभे राहूनच कळते.

आणि धोका तेथे संपत नाही. एका रुग्णाबाबत दोन दिवस सगळे ठीक चालले होते, लाळ थांबली होती, तो बोलतही होता आणि नातेवाईक घरी केव्हा सोडणार म्हणून विचारत होते. तिसऱ्या रात्री वॉर्डातील एका नवख्या सिस्टरने त्याला पाणी पाजताना पाहिले की त्याला उशीवरून मान उचलता येत नाही. नाडी आणि रक्तदाब उत्तम होते. तिने केवळ तेवढ्यावर निवासी डॉक्टरांना फोन केला, ते येईपर्यंत मिनिटाला किती श्वास होतात ते मोजले आणि श्वासनळीत नळी घालण्याचा ट्रे तयार ठेवला. अशा विषबाधेत एक ते चार दिवसांनंतर स्नायू शिथिल पडतात, त्याची सुरुवात मानेपासून होते आणि पाठोपाठ श्वास बंद पडू शकतो. त्या रुग्णाला वेळेत व्हेंटिलेटर मिळाला आणि पुढे तो चालत घरी गेला. ती मुलगीही अबोल होती, दादा. आपल्या पुतणीच्या स्वभावाची काळजी करू नका. परंतु रात्री दोन वाजता झोपलेल्या डॉक्टरांना उठवण्याचा धीर तिला अंगी आणावा लागेल, आणि तो न आणता हे काम करता येत नाही.

फळा आणि वॉर्ड

मी परिचर्या महाविद्यालयात शिकवते. सिस्टरांनी नजरेचे महत्त्व सांगितले, त्यात मी गणित आणि इंग्रजी यांची भर घालते, कारण आमच्याकडे येणाऱ्या मुली याच दोन ठिकाणी अडखळतात.

औषधाचे गणित शालेय पातळीचे असते, पण ते घाईत, गोंगाटात आणि रात्रपाळीच्या अखेरीस करावे लागते. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे आणि सलाईनच्या नळीचा संच मिलिलिटरला २० थेंबांचा आहे, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब पडले पाहिजेत. संच ६० थेंबांचा असेल तर तोच आकडा १२५ होतो. हे ज्या मुलीला मनात येत नाही ती अंदाजाने नळीवरचे चाक फिरवते. वृद्ध हृदयरुग्णाच्या किंवा बाळाच्या बाबतीत असा अंदाज जिवावर बेततो.

इन्सुलिनचे उदाहरण मी प्रत्येक तुकडीला स्वतः हातात सिरिंज देऊन शिकवते. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या बहुधा मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपीची सिरिंज असते. १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी केशरी टोपीची सिरिंज असते. वीस युनिट द्यायचे आहेत, इन्सुलिन १०० चे आहे आणि हातात सिरिंज लाल टोपीची आली, तर वीसच्या रेघेपर्यंत भरलेल्या औषधात प्रत्यक्षात ५० युनिट असतात. रुग्णाची साखर कोसळते आणि तो झोपला आहे असे समजून कोणी त्याला उठवत नाही. उलट अदलाबदल झाली तर वीसऐवजी आठच युनिट जातात आणि साखर का उतरत नाही, हे कोणालाच उमगत नाही. म्हणून कुपीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा एकमेकांशी जुळवून मोठ्याने वाचायचे, आणि शक्य असेल तेथे दुसऱ्या सिस्टरकडून पडताळून घ्यायचे, ही सवय पहिल्या वर्षापासून लावावी लागते.

इंग्रजीविषयी पालकांची समजूत अशी असते की अस्खलित बोलता आले पाहिजे. वॉर्डात त्याची गरज क्वचितच पडते. गरज असते ती वाचण्याची आणि नेमके लिहिण्याची. औषधाचा कागद, केसपेपर, प्रयोगशाळेचा अहवाल, यंत्राची सूचना, सर्व इंग्रजीत असते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील मराठी माध्यमाच्या मुली पहिल्या सहा महिन्यांत रडकुंडीला येतात आणि तिसऱ्या वर्षापर्यंत त्यांच्यातील अनेक जणी वर्गात सर्वांत नेटक्या नोंदी लिहू लागतात. हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे आणि त्या मुलींबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

नोंद हा आमच्या व्यवसायाचा कणा आहे. किती वाजता काय दिले, त्यानंतर रुग्ण कसा होता, डॉक्टरांना केव्हा कळवले, त्यांनी काय सांगितले, हे त्याच वेळी आणि खाडाखोड न करता लिहिले पाहिजे. चूक झाली तर एकच रेघ मारून शेजारी स्वाक्षरी करायची, पांढरा रंग फासायचा नाही. प्रकरण न्यायालयात गेले की कोणाला काय आठवते यापेक्षा कागदावर काय आहे याला वजन असते.

अतिदक्षता ब्रदर

मी शहरातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करतो. पुरुष परिचारकांची संख्या अजूनही कमी आहे, तरी हा धागा वाचणाऱ्या मुलांच्या पालकांनीही या व्यवसायाचा विचार करावा असे मला वाटते.

मला भर द्यायचा आहे तो नाही म्हणता येण्यावर. नोंदणी स्वतःच्या नावावर असते, त्यामुळे दिलेल्या प्रत्येक औषधाचे उत्तरदायित्वही स्वतःचे असते. डॉक्टरांनी सांगितले म्हणून दिले, हे उत्तर परिषदेपुढे पुरेसे ठरत नाही. संहत, म्हणजे पाणी न मिसळलेल्या तीव्र, पोटॅशियम क्लोराइडची कुपी दिसायला साध्या निर्जंतुक पाण्याच्या कुपीसारखीच असते. ते औषध नेहमी पुरेशा सलाईनमध्ये मिसळून, सावकाश आणि हृदयाच्या गतीवर लक्ष ठेवूनच द्यायचे असते. थेट शिरेत सोडल्यास हृदय थांबते. त्यामुळे त्या कुप्या इतर औषधांपासून वेगळ्या ठेवतात. एखाद्याने घाईत तोंडी आदेश दिला, तर तो पुन्हा उच्चारून दाखवायचा, वहीत लिहून घ्यायचा आणि शंका असेल तर देण्यापूर्वी विचारायचे. यात उद्धटपणा नाही. चांगले डॉक्टर अशा सिस्टरवर जास्त विश्वास टाकतात.

रक्त चढवतानाही तेच. पिशवीवरील क्रमांक, गट, मुदत आणि रुग्णाच्या मनगटावरील पट्टी दोघांनी मिळून तपासायची, पहिली १५ मिनिटे खाटेपासून हलायचे नाही आणि पिशवी चार तासांच्या आत संपवायची. रुग्णाला थंडी वाजली, कंबर दुखली किंवा अंगावर गांधी उठल्या की प्रथम रक्त थांबवायचे आणि मग बाकीचे करायचे.

येथे एक अप्रिय विषय काढणे भाग आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक असावी. प्रत्यक्षात रात्रपाळीला एका सिस्टरच्या वाट्याला संपूर्ण वॉर्ड येतो हे नाशिककरांनी आपल्या नातेवाइकांच्या उशाशी बसून पाहिलेले आहे. वर लिहिलेली प्रत्येक काळजी वेळ मागते. एका सिस्टरकडे तीस रुग्ण असतील तर दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलणे शक्य होत नाही, शय्याव्रण होतात, आणि दोष मात्र तिच्या माथी येतो. पुतणीला या व्यवसायात पाठवताना कुटुंबाला हे ठाऊक असले पाहिजे.

२१ एप्रिल २०२१ रोजी आपल्या शहरातील एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून व्हेंटिलेटरवरील रुग्ण दगावले, ही घटना येथील कोणीही विसरलेले नाही. त्या दिवसानंतर माझ्या ओळखीच्या परिचारिका पाळीच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट न चुकता पाहू लागल्या. मध्यवर्ती पुरवठ्याचा दाब किती आहे, पर्यायी सिलिंडर भरलेले आहेत का, त्यांची चावी कोठे आहे आणि प्रत्येक व्हेंटिलेटरशेजारी हाताने श्वास देण्याची अंबू बॅग आहे का. अभियंते आणि ठेकेदार यांची जबाबदारी त्यांच्यापाशी आहेच. परंतु दाब कोसळतो त्या क्षणी रुग्णाच्या उशाशी परिचारिका असते.

निफाडकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. हे सर्व मी भावाला वाचून दाखवले आणि पत्रकाचा विषय आता घरात उरलेला नाही. वहिनींची एक शंका आहे. खासगी रुग्णालयांत वेतन फार कमी असते आणि नातेवाइकांकडून मारहाण होते, असे त्यांनी ऐकले आहे. यात कितपत तथ्य आहे?

सातपूरची लेक

वहिनींनी ऐकले आहे ते खरे आहे, आणि ते झाकून ठेवणे पुतणीवर अन्याय होईल. मी जीएनएम आहे आणि खासगी क्षेत्रातच काम केले आहे.

वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने शिफारस केली की २०० पेक्षा अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचे वेतन राज्य शासनाच्या वेतनाइतके असावे, १०० हून अधिक खाटा असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्क्यांनी कमी, ५० ते १०० खाटांसाठी फार तर २५ टक्क्यांनी कमी आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये असावे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. नाशिकमधील लहान रुग्णालयांत नव्याने लागणाऱ्या मुलींना आजही हा किमान आकडा सर्वत्र मिळत नाही, हे मी माझ्या मैत्रिणींच्या अनुभवावरून सांगते.

नोकरी धरताना एक गोष्ट कधीही करू नये. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. मी पूर्वी जेथे काम केले त्या एका रुग्णालयाने कागदपत्रे पडताळणीच्या नावाखाली ठेवून घेतली आणि राजीनामा दिल्यावर ती परत मिळवण्यासाठी मला चकरा माराव्या लागल्या. मूळ प्रत दाखवावी, छायांकित प्रत द्यावी, आणि मूळ प्रत सोबत घेऊन यावे.

सुईच्या बाबतीतही तितकीच काळजी घ्यावी. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवू नये. सुई यंत्राने कापून पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकावी. कामाला लागण्यापूर्वी हेपॅटायटिस बी लसीच्या तिन्ही मात्रा पूर्ण कराव्यात. सुई टोचलीच तर बोट पिळत बसू नये, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावे आणि तत्काळ कळवावे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. अनेक मुली इन्चार्ज सिस्टर रागावतील या भीतीने गप्प बसतात. त्या भीतीपायी आयुष्य पणाला लागते, म्हणून मी हे मुद्दाम लिहीत आहे.

मारहाणीबाबत सांगायचे तर महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. परिचारिका आणि परिचर्येचे विद्यार्थी यांनाही त्यात संरक्षण आहे, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. तक्रार रुग्णालयाने करावी अशी अपेक्षा असते. काही व्यवस्थापने बदनामीच्या भयाने टाळाटाळ करतात, तेव्हा मुलीच्या पाठीशी घरचे उभे राहिले पाहिजेत. माझ्या अनुभवात संतापाचे मूळ बहुतेक वेळा माहिती न मिळण्यात असते. रुग्ण गंभीर आहे हे वेळच्या वेळी आणि स्पष्ट शब्दांत सांगणारी सिस्टर असेल, तर निम्मे प्रसंग हातघाईवर येत नाहीत. निम्मे मात्र तरीही येतात.

राईनकाठ

मी मूळचा देवळाली कॅम्पचा असून सध्या जर्मनीत परिचारक म्हणून काम करतो. माझे मत थोडे वेगळे आहे. एवढ्या कष्टांचे मोल येथे मिळत नसेल तर मुलीने सुरुवातीपासूनच परदेशाची तयारी करावी.

भारतातील नोंदणी परदेशात जशीच्या तशी चालत नाही, ती केवळ पायरी ठरते. जर्मनीत भाषेची बी-२ पातळी आणि भारतीय पदवीची मान्यता लागते. अभ्यासक्रमात तफावत आढळल्यास ज्ञानचाचणी द्यावी लागते किंवा रुग्णालयात जुळवून घेण्याचा कालावधी पूर्ण करावा लागतो, आणि तोपर्यंत साहाय्यक म्हणून काम करावे लागते. ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा, संगणकावरील चाचणी आणि नंतर प्रत्यक्ष कौशल्यांची परीक्षा असते. अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही परीक्षा आहे. तिच्यात उमेदवाराच्या उत्तरांनुसार ८५ ते १५० प्रश्न येतात आणि केवळ पाठांतरावर ती उत्तीर्ण होता येत नाही. दलालाला मोठी रक्कम देऊ नये, करार स्वतः वाचावा, आणि महाविद्यालयातील प्रत्येक विषयाच्या तासांचा तपशील असलेली गुणपत्रके जपून ठेवावीत, कारण मान्यतेच्या वेळी तीच तपासली जातात.

गोदाकाठची सिस्टर

राईनकाठ यांची माहिती उपयुक्त आहे, आणि ज्याला जायचे आहे त्याने अवश्य जावे. पण पहिल्या वर्षाच्या मुलीपुढे परदेश हेच ध्येय ठेवण्यास माझा विरोध आहे. त्यामुळे ती वॉर्डातील दिवस नुसते मोजत राहते. तिला जे शिकायचे आहे ते याच वॉर्डात, याच माणसांमध्ये शिकायचे आहे.

मालेगाव-सटाण्याकडची आजी येते आणि "पोट दुखी राह्यनं" एवढेच सांगते. कळ कोठून कोठे जाते, केव्हापासून आहे, लघवी झाली का, हे तिच्याकडून अहिराणीतच काढून घ्यावे लागते. सुरगाण्याकडची गरोदर बाई कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलते आणि परक्या बाईसमोर तोंड उघडत नाही. तिचे हिमोग्लोबिन किती ते प्रयोगशाळा सांगेल. आधीची दोन बाळंतपणे घरीच झाली आणि दुसऱ्या वेळी रक्तस्राव थांबत नव्हता, हे मात्र ती विश्वास बसल्यावरच सांगेल. प्रसूतिगृहात ही एक माहिती हाती असेल, तर रक्ताची सोय आधी करून ठेवता येते. आमच्या त्या भागातील मुली बी.एस्सी.नंतर उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून जातात, आणि गावकऱ्यांना आपल्याच भाषेत बोलणारी सिस्टर प्रथमच मिळते. त्या कामाची किंमत मी कोणत्याही चलनात कमी लेखणार नाही.

निफाडकर

शेवटचा प्रश्न विचारतो. महाविद्यालय निवडताना आम्ही नेमके काय पाहावे?

फळा आणि वॉर्ड

बी.एस्सी.चे प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेद्वारे होतात, त्यामुळे प्रवेश परस्पर देतो असे कोणी म्हणत असेल तर सावध व्हावे. पदवीचे महाविद्यालय महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असले पाहिजे. ते विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे, तेव्हा संलग्नतेची खातरजमा करणे नाशिककरांना अवघड नाही. जीएनएमसाठी राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची मान्यता पाहावी. दोन्हींसाठी परिचर्या परिषदेची मान्यता चालू शैक्षणिक वर्षापुरती आहे का, हे कागदावर पाहावे. मागील वर्षांची मान्यता दाखवून वेळ मारून नेणाऱ्या संस्था आहेत.

त्यानंतर महाविद्यालयाच्या कार्यालयात न थांबता त्याच्या रुग्णालयात फेरी मारावी. खाटा किती आहेत यापेक्षा भरलेल्या किती आहेत ते पाहावे. प्रसूतिगृह चालू आहे का, विद्यार्थिनींना प्रत्यक्ष प्रसूती करण्याची संधी मिळते की त्या केवळ भिंतीशी उभ्या राहतात, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना एकटे गाठून विचारावे. जिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण भागात किती आठवडे पाठवतात, रात्रपाळीला वसतिगृहापर्यंत वाहन असते का, वॉर्डात त्यांच्यासोबत शिक्षिका असते का, की मनुष्यबळ कमी म्हणून मुलींनाच स्टाफ समजून राबवले जाते, हेही त्याच मुली सांगतील.

अभ्यासक्रम संपल्यावर नोंदणीला विलंब करू नये. नोंदणी क्रमांक हाती आल्यावर राष्ट्रीय नोंदवहीतील ओळख क्रमांकही काढून घ्यावा. महाराष्ट्रात नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी सतत शिक्षणाच्या कार्यशाळांना हजर राहिल्याचे पुरावे लागतात. लग्न, बाळंतपण किंवा घरातील आजारपण यांमुळे ज्या मुली काही वर्षे घरी बसतात, त्यांची नोंदणी नेमकी याच टप्प्यावर खंडित होते. नोकरी नसली तरी नूतनीकरण चालू ठेवावे. लग्नानंतर नाव बदलणार असेल तर परिषदेच्या नोंदीतही ते वेळीच बदलून घ्यावे, अन्यथा पदवीवर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि नोंदणीवर तिसरे असा घोळ होऊन शासकीय भरतीच्या कागदपत्र पडताळणीत उमेदवारी अडकते.

प्रवेशापूर्वी पुतणीला घेऊन एकदा माझ्याशी संदेशातून संपर्क साधावा. रविवारी दुपारी भेटीच्या वेळेत मी तिला एखादा सर्वसाधारण वॉर्ड दाखवीन आणि तेथील सिस्टरशी तिचे बोलणे करून देईन.

निफाडकर

अवश्य, ताई. तिला विचारले तर पुढच्याच रविवारी जायचे म्हणते आहे. संदेश पाठवला आहे.